पट्टा काढायचा नाही

कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान चालवायचं म्हणजे किळस दाराबाहेर काढून ठेवूनच आत यावं लागतं. वहिनी गेली चौदा वर्षं ती बाहेर ठेवून येत होती. कानातला काळा चिकट मळ, बोटांच्या फटीत टरारून फुगलेल्या गोचिड्या, शेपटीखालच्या ग्रंथी पिळताना उडणारं घाण पाणी, उकिरड्यावर मनसोक्त लोळून आलेल्या पोटाचा वास, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. "तुला खरंच नाक आहे, की देवानं नुसतं शोभेला बसवलंय?" असं तिचा नवरा विचारायचा. तो बसच्या आगारात मेकॅनिक होता. दिवसभर डिझेलमध्ये बुडालेला असायचा, पण बायकोच्या दुकानात दोन मिनिटं उभं राहायचं म्हटलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली तिच्या धाकट्या दिरानं आणि त्याचं ऐकून गिऱ्हाइकांनी. आता तर पोस्टमनसुद्धा "वहिनी, सही करा" म्हणायचा. दिराचं दुकान दोन दारं सोडून. त्याचा धंदा कुत्र्यांना शिस्त लावायचा. लोक त्याला सर म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. गळ्यात शिट्टी, अंगात बारा महिने जाड जाकीट, चालणं असं की समोर पलटण उभी आहे. संध्याकाळी बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात त्याचा वर्ग भरायचा. ज्यांची कुत्री मालकाला रस्त्यावरून फरफटत नेत, ते सगळे तिथे यायचे. सरांकडून निघालेलं कुत्रं वहिनीकडे न्हायला यायचं, आणि वहिनीकडे धुडगूस घालणारं कुत्रं सरांकडे जायचं. दोघांचंही बरं चाललं होतं.

बंब हे असंच वहिनीनं धाडलेलं कुत्रं. ग्रंथालयातल्या बाईंचं. बाई एकट्या राहायच्या, अंगानं काडी, आवाज इतका हळू की त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप कुजबुजायला लागे. आणि कुत्रं मात्र केसाळ, बसकं, गोल, तापलेल्या बंबासारखं सदा धापा टाकणारं. त्याला फिरायला नेणं म्हणजे बाईंनी त्याच्यामागे उडत जाणं. एकदा समोरच्या फुटपाथवर मांजर दिसलं आणि बंबनं बाईंना ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून खाली ओढलं. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून बाई वहिनीकडे आल्या होत्या.

"कुठला पट्टा घेऊ, वहिनी? मला त्याला द्यायचं नाहीये कुणाला. पण दुसरा हात मोडला तर मी पुस्तकं कशानं उचलू?"

वहिनीच त्यांना दोन दारं पलीकडे घेऊन गेली होती. हे तिला पुढे फार आठवणार होतं. दिराच्या दुकानात एका भिंतीवर खिळ्यांना पट्टेच पट्टे टांगलेले होते. साधे कापडी, चामडी, ओढलं की आवळणारी साखळी, नाकावरून बांधायची पट्टी, बटण दाबलं की झटका देणारी काळी डबी लावलेला एक, आणि कडीला कडी जोडून केलेला लोखंडी काटेरी, ज्याच्या प्रत्येक कडीची दोन टोकं आत वळलेली.

"हा छातीला बांधायचा नाही का चालणार?" बाईंनी कोपऱ्यातल्या एका पट्ट्याकडे बोट दाखवलं होतं.

"तो घोड्यांना ठीक आहे, बाई. छातीला बांधलं की जनावर आणखी जोर लावतं. तुम्हाला गाडी जुंपायचीय का?" असं म्हणून दिरानं काटेरी पट्टा उतरवला, आपल्या जाकिटाच्या बाहीवर चढवला आणि ओढून दाखवला. "बघा. काही होतंय मला? नुसतं टोचल्यासारखं वाटतं. आई कशी पिल्लाला मानेला धरते, तसं."

बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "भाऊजींना त्यातलं कळतं." एवढंच. तीन शब्द. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायचीही तिला गरज वाटली नव्हती.

दीड-दोन महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, बाई बंबला घेऊन न्हायला आल्या. प्लॅस्टर निघालं होतं, पण मनगट अजून कडक होतं. एरवी त्या त्याला घरीच धूत; हात मोडल्यापासून त्याला पाणी लागलं नव्हतं. वहिनीनं बंबला पाहिलं आणि तिला बरं वाटलं. कुत्रं बाईंच्या पायाशी पाय जुळवून चालत होतं. दोरी सैल. मानेला निळा रुमाल, त्यावर सरांच्या वर्गाचा शिक्का.

"अगदी शहाणा झालाय," बाई म्हणाल्या. "ओढत नाही, भुंकत नाही. मांजर समोरून गेलं तरी बघत नाही. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर त्याचा फोटो काढला."

"आणि हा रुमाल?"

"तो वर्गातल्या सगळ्यांना असतो. खालचा पट्टा दिसला की लोकांचा उगाच गैरसमज होतो म्हणे."

वहिनीनं बंबला ओट्यावर चढवलं. पूर्वी त्याला चढवायला दोघं लागायची आणि दोघंही भिजायची. आज तो उभा राहिला, तो उभाच. पाणी सोडलं तरी हलला नाही. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं तर तो समोरच्या फरशीकडे बघत होता, दुसरीकडे कुठे नाही. शिस्तीची कुत्री तिनं खूप पाहिली होती. हे काही तरी निराळं होतं. आजारी माणूस इंजेक्शनच्या वेळी जसा भिंतीकडे तोंड करून पडतो, तसा तो उभा होता.

मग वास आला. ओल्या केसांचा वास तिच्या ओळखीचा, कानाच्या मळाचा ओळखीचा. हा गोड होता. फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही की येतो तसा, आणि त्याच्या खाली मांसाचा. तिनं रुमालाची गाठ सोडली. मानेवरचे केस दाट आणि गुंता होऊन चटईसारखे झाले होते. त्यात बोटं घातली तर कड्या हाताला लागल्या, पण फिरेनात. पट्टा फिरतो, फिरायलाच पाहिजे. हा जागचा हलत नव्हता. तिनं मशीन लावून वरचे केस काढले, मग खालचे. केसांची चटई निघाली आणि तिच्यासोबत चामडीचा पापुद्रा निघाला.

काटे आत गेले होते. सगळे नाही, घशाकडचे सहा-सात. कातडी त्यांच्यावरून वाढायला निघाली होती, जणू लोखंड तिचंच आहे. कडेला पिवळा-हिरवा पू, आणि त्या पुवात काही तरी हलत होतं. तांदळाच्या कण्यांएवढं, पांढरं, वळवळणारं.

वहिनीनं पाणी बंद केलं. अळ्या तिनं याआधीही पाहिल्या होत्या, भटक्या कुत्र्यांच्या, ज्यांना कुणी नसतं त्यांच्या जखमांत. पण हे कुत्रं रोज संध्याकाळी माणसांच्या घोळक्यात उभं राहत होतं. त्याच्या मानेवर इस्त्रीचा रुमाल होता. त्याला शाबासकी मिळाली होती. तिनं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. बंबनं तिच्या मनगटाला नाक लावलं, एकदाच, आणि पुन्हा फरशीकडे बघायला लागला.

"बाई," तिनं हाक मारली, "आत या जरा."

बाई पुस्तकात बोट ठेवून आत आल्या. त्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला वास येत होता. मला वाटलं, आंघोळ नाही म्हणून. मी त्याला अत्तर लावायचे."

"हा पट्टा काढत नव्हतात तुम्ही?"

"काढायचा नाही असं सांगितलं होतं. सवय मोडते म्हणे." त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्या ग्रंथालयवाल्या, कुठलाही कागद जपून ठेवणाऱ्या. वर्गाचे नियम छापलेले होते, एकाखाली एक. चौथा नियम: पहिले तीन महिने पट्टा काढायचा नाही, झोपतानाही नाही.

दोघी बंबला घेऊन तशाच जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बंबला भूल दिली, घशाकडच्या कड्या एकेक करून कापल्या आणि चिमट्यानं काटे बाहेर काढले. प्रत्येक काटा स्टीलच्या ताटलीत पडला की टण् आवाज व्हायचा. वहिनी कुत्र्याचं डोकं धरून उभी होती. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं.

"या मोसमातलं हे तिसरं," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या. "बाकीची दोन इतकी वाईट नव्हती."

"कुणाकडची?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना नातं ठाऊक असावं. "निळे रुमाल होते," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही काही केलं नाही?"

"मी मालकांना लिहून देते. तक्रार त्यांनी करायची. पण तक्रार करायची तर आपण आंधळे होतो असं आधी लिहावं लागतं ना. ते कुणाला जमत नाही." जखम धुवून झाल्यावर त्यांनी कापलेला पट्टा एका पिशवीत घालून वहिनीच्या हातात दिला. "तुमच्या घरातलाच आहे," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात, किंवा असेलही.

वहिनीनं ती पिशवी घरी नेली नाही. दुकानाच्या मोरीत तो पट्टा ब्रशनं घासला, उकळत्या पाण्यात घातला, पुन्हा घासला. कड्यांच्या सांध्यांतून केस निघतच राहिले. चार वेळा साबण लावूनही तिला हाताला वास येत होता, आणि तो कुत्र्याचा नाही हे तिला कळत होतं. "भाऊजींना त्यातलं कळतं." हे वाक्य कुणी तरी तिच्याच आवाजात मोरीत बोलत होतं.

संध्याकाळी ती मैदानात गेली. चौदा वर्षांत ती वर्गाला कधी गेली नव्हती. दुकान बंद करून घरी जायची घाई. आज ती भिंतीला टेकून उभी राहिली. पंधरा-सोळा माणसं रांगेत, प्रत्येकाच्या डावीकडे एक कुत्रं. दीर शिट्टी वाजवायचा, सगळे चालायचे. पुन्हा शिट्टी, सगळे थांबायचे. "झटका द्या. ओढू नका, झटका. मनगटातून. हां. त्याला कळलं पाहिजे की मालक कोण." बँकेत असतील, शाळेत शिकवत असतील, चांगली सभ्य माणसं, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीच मन लावून शिकणाऱ्या मुलाची कळा, आणि प्रत्येकाचं मनगट एकाच वेळी हलत होतं. खट्, खट्, खट्. कुत्र्यांचे गळे एकदम आखडायचे. एक दांडगं तांबडं कुत्रं रांग सोडून दुसऱ्याला हुंगायला गेलं. दिरानं त्याची दोरी मालकाच्या हातातून घेतली, साखळी वर उचलली आणि उचलूनच धरली. कुत्र्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. ते नाचलं, त्याची जीभ जांभळी पडायला लागली, मग ते नाचायचं थांबलं. त्यानं खाली सोडल्यावर कुत्रं पोटावर बसलं आणि त्याला लघवी झाली.

"बघा," दीर म्हणाला, "आठ सेकंद लागले. याला म्हणतात आदर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याच्या मालकानंही वाजवल्या. वहिनी पुढे झाली.

"भाऊजी, बंबला बघितलं मी आज." तिनं सकाळपासूनचं सगळं सांगितलं, काहीही न वगळता, अळ्यांसकट. लोक जवळ सरकले.

दिराच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण बाईंनी वापरला नाही नीट. पट्टा रोज काढून मान बघायची असते. सगळ्यांना सांगतो मी."

तिनं बाईंकडून घेतलेला कागद पुढे केला. त्यानं वाचला. "ही छापणाऱ्याची चूक."

"झोपतानाही नाही, हे छापणाऱ्यानं मनानं घातलं?"

"वहिनी." त्यानं आवाज खाली आणला आणि तिच्या कोपराला धरून तिला बाजूला घ्यायला लागला. "हे घरी बोलू. तुमच्याकडे गिऱ्हाईक कुणामुळे येतं, याचाही विचार करा जरा. आपलेच दात, आपलेच ओठ."

तिनं कोपर सोडवून घेतलं. पिशवीतून पट्टा काढला. "तुम्ही बाहीवर लावून दाखवता ना, जाकिटावर. आज मानेला लावा."

कुणी तरी हसलं. दिरानं सभोवार पाहिलं. शिकवणाऱ्या माणसाला शिकणाऱ्यांसमोर नाही म्हणता येत नाही, आणि त्याची हौसही मोठी होती. त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली, पट्टा हातात घेतला, कापलेल्या कड्यांच्या जागी दुसऱ्या पट्ट्याच्या तीन-चार कड्या अडकवल्या आणि तो आपल्या गळ्याभोवती बसवला. दोरी लावून तिचं टोक वहिनीच्या हातात दिलं. "घ्या. ओढा. म्हणजे एकदाचं तुमचं समाधान होईल."

दोरी हातात आली आणि वहिनीला पहिल्यांदाच कळलं की ती किती हलकी असते. समोर धिप्पाड माणूस उभा होता, तिच्या नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, आणि त्याचा गळा तिच्या दोन बोटांत होता. तिनं झटका दिला. मनगटातून, जसा तो शिकवायचा तसाच. मोठा नव्हता. दिराचे डोळे विस्फारले, तोंडातून घोगरा आवाज निघाला, मान पुढे आली आणि मानेमागे तोही दोन पावलं पुढे आला. दोन्ही हात गळ्याकडे गेले.

लोक हसले. मघाशी टाळ्या वाजवणारीच माणसं, तशीच मनमोकळी. एकजण म्हणाला, "सर, बसा," आणि आणखी हशा झाला.

आणि वहिनीला पुन्हा झटका द्यावासा वाटला. बंबसाठी नाही, कशासाठीच नाही. हात तयार होता, मनगट सैल झालं होतं, समोरचा गळा आपल्या ताब्यात आहे हे अंगभर गोड पसरत होतं. सकाळच्या त्या वासासारखंच गोड. ते तिला कळलं आणि हातावर सरडा पडावा तशी तिनं दोरी टाकून दिली. ती मैदानाच्या कडेला गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि तिथेच ओकली.

मागे दीर गळा चोळत म्हणत होता, "पाहिलंत? मेलो का मी?" पण आवाज फाटलेला होता, आणि घशाशी चार लाल ठिपके उमटले होते.

दुसऱ्या दिवशी तिघं जण आपापली कुत्री घेऊन तिच्याकडे आले. त्यांत ते तांबडंही होतं. तिनं तिघांच्याही माना भादरून दाखवल्या. एकाच्या मानेवर नुसते ओरखडे, दुसऱ्याच्या सुजलेल्या गाठी, तिसरं ठीक होतं. बाकीचे बारा-तेरा वर्गातच राहिले. बाईंनी नगरपालिकेत रीतसर तक्रार दिली, डॉक्टरांचा कागद जोडून. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि तिथेच मुक्काम करून राहिला. दिरानं नियमांचा नवा कागद छापून घेतला. त्यात चौथा नियम नव्हता. बाकी सगळं तसंच.

बंबच्या मानेला पट्टा लावणं आता शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी छातीपट्टा सुचवला, पुढच्या बाजूला, छातीवर कडी असलेला. कुत्र्यानं ओढलं की त्याचंच अंग बाजूला वळतं आणि ओढणं त्याला सोयीचं पडत नाही, एवढंच त्यात. ना टोचणं, ना आवळणं. वहिनी आणि बाई दोघींनी मिळून तो आणला आणि दोघींना मिळून तो चुकीचा घालता आला, एक पाय नको त्या फटीत. "ओढलं की थांबायचं," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "झाडासारखं उभं राहायचं. दोरी सैल झाली की चालायचं. आणि पायाशी आला की खाऊ द्यायचा. बस."

"एवढंच?" बाई म्हणाल्या होत्या.

"एवढंच. पण शंभर वेळा."

अडचण अशी की बंब ओढेचना. दोरीची कडी वाजली की तो जागच्या जागी पोटावर बसायचा आणि हनुवटी जमिनीला टेकायचा. दोघी बायका फुटपाथवर झाडासारख्या उभ्या, आणि कुत्रं खाली पडलेलं. जाणारे-येणारे वळून बघायचे. दारातून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायला त्यांना नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी बंब खांबापाशी थांबला, हुंगला, आणि त्यानं पाय वर केला. बाई म्हणाल्या, "चला, हे तरी राहिलंय त्याच्यात," आणि त्यांना रडू आलं.

महिन्याभरानं सासूबाईंच्या वाढदिवसाचं जेवण दिराच्या घरी होतं. वहिनी जायला तयार नव्हती. नवरा म्हणाला, "आईचा दिवस आहे. तास-दोन तास बस आणि ये." तो त्या भानगडीबद्दल काही बोलला नव्हता, त्याचा धाकटा भाऊ होता शेवटी, आणि त्याला मूग गिळून बसायची जुनी सवय होती. म्हणून ती गेली.

दीर गळ्यापर्यंत बंद सदरा घालून वाढत होता. पाहुणे जमल्यावर त्यानं स्वतःच ती गोष्ट काढली. "आमच्या वहिनीनं मला पट्टा घातला, माहितीय का?" त्यानं सगळं रंगवून सांगितलं, आपण कसे पुढे आलो, लोक कसे हसले, वहिनी कशी ओकली. अळ्या मात्र सांगितल्या नाहीत. सगळे हसले. सासूबाई कवळी हातात धरून हसल्या. वहिनी ताटातल्या पदार्थांकडे बघत बसली. ते एकमेकांत मिसळत होते.

तेवढ्यात दिराची नऊ वर्षांची मुलगी एक पिल्लू घेऊन आली. नवीन आणलेलं, काळं, कान अजून दुमडलेले. ते दोरी ताणत, नखं फरशीवर घसरवत, सगळ्यांच्या पायांत धडपडत होतं. वहिनीनं त्याला मांडीवर उचललं आणि सवयीनं पट्ट्याखाली बोटं घातली. मानेला काहीच नव्हतं. छातीला पट्टा होता, आतून लोकरीचं अस्तर लावलेला, बगलेत घासू नये म्हणून शिवणी बाहेरून घेतलेल्या. कडी पुढे, छातीवर. बाईंनी आणला त्याच्याहून दुप्पट चांगला.

"हा तुम्ही आणला, भाऊजी?"

"हो."

"घोड्यांचा असतो ना हा?"

दीर वाढता वाढता थांबला, क्षणभरच. मग त्यानं तिच्या ताटात एक मोठा तुकडा ठेवला. "पोरीचं आहे हो, वहिनी," तो हसत, अगदी घरगुती आवाजात म्हणाला. "लहान आहे अजून. त्याला कशाला त्रास."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून. छापणाऱ्याची चूक नव्हती, बाईंची चूक नव्हती, अडाणीपणाही नव्हता. अडाणीपणा असता तर वहिनीला त्याची कीव तरी करता आली असती. खिळ्यावरचा कुठला पट्टा काय करतो हे त्या माणसाला तिच्या हाताला साबण कळतो तितकं स्वच्छ कळत होतं, आणि त्यानं जाकिटाच्या बाहीवर लावून दाखवला होता. ज्या बोटांनी त्यानं तो तुकडा वाढला, त्या बोटांचा रस्सा ताटाच्या कडेनं ओघळत होता. तिनं पिल्लू मुलीच्या हातात दिलं, ताट बाजूला सारलं आणि ती उठली.

"जेवण राहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

"मला जाणार नाही, आई."

ती चपला घालत होती तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नवराही उठला होता, हात न धुताच. दोघं अर्ध्या रस्त्यापर्यंत आले. मग तो म्हणाला, "आगाराजवळ एक गाळा रिकामा आहे. पाण्याला जोर आहे तिथे."

गाळा लहान होता आणि उतारावर होता, पण पाण्याला खरंच जोर होता. निम्मं गिऱ्हाईक मागेच राहिलं. "वहिनीला आता नाक फुटलंय," असं दीर सांगत सुटला, आणि ते काही खोटं नव्हतं. बाई दर शनिवारी येतात. बंबच्या मानेवर जिथे काटे होते तिथे केस आले, पण पांढरे. तो आता थोडंसं ओढतो, मांजर दिसलं तर जास्त. बाई थांबतात, झाड होतात, तो वळून बघतो, पुन्हा चालतात. मनगट अजून दुखतं.

निळे रुमाल या भागातही येतात, महिना-पंधरा दिवसांतून एखादा. मालक बाहेरच्या बाकावर बसून मोबाईल बघत असतो आणि म्हणतो, नुसती आंघोळ घाला, घाईत आहे. वहिनी कुत्र्याला ओट्यावर घेते, रुमाल सोडते, मानेवरचे केस मशीननं काढते, आणि काही सापडलं तर दार उघडून त्याला आत बोलावते. समजावून सांगत बसत नाही. कुत्र्याचं डोकं त्याच्या हातात देते आणि म्हणते, "धरा. आणि तोंड फिरवू नका. बघा."